धीरांक सहा

साधना काळमेघच्या कपाटात एक निळी फाईल होती आणि त्या फाईलवर तिचा फार जीव होता. अकोल्याच्या त्या बी.एड. कॉलेजातल्या बाकी प्राध्यापकांची कपाटं जुन्या प्रश्नपत्रिकांनी फुगलेली असत. साधनानं मात्र मधला अख्खा कप्पा त्या फाईलला दिला होता, आणि त्याला वेगळं कुलूप होतं. आत सत्तेचाळीस पत्रांच्या झेरॉक्स होत्या. मजकूर सगळ्यांचा एकच, छापील. फक्त मुलीचं नाव आणि एक आकडा तेवढा वेगळा. 'आपल्या मुलीचा धीरांक सात आला असून ती अति अधीर या गटात मोडते. दीर्घ अभ्यासक्रमासाठी तिची निवड करता येत नाही.' कुठे सात, कुठे पाच, एकीचा तर चारच. नवं पत्र हाती लागलं की साधना त्याला दोन भोकं पाडी, फाईलला लावी, आणि त्या दिवशी तिला जेवण गोड लागे.

आता कोणी म्हणेल, पोरींच्या नकाराच्या चिठ्ठ्या जमवून जेवण गोड लागतं ही कसली बाई. पण साधनाचं त्या पोरींशी काही वाकडं नव्हतं. तिचं वाकडं होतं अमरावतीच्या एका माणसाशी, आणि प्रत्येक पत्र म्हणजे त्या माणसाच्या गळ्याभोवती पडलेला आणखी एक वेढा, असं ती धरून चालली होती.

तो माणूस म्हणजे डॉ. कमलाकांत वैद्य. शिक्षणाच्या क्षेत्रात या गृहस्थांचं नाव निघालं की लोक आपोआप सावरून बसत. आजोबा वकील, वडील हेडमास्तर, आणि स्वतः 'धीरमापन कसोटी'चे जनक. ही कसोटी एका लाकडी पेटीत मिळे. पेटीत एक पितळी परात, दोन किलो मूग आणि जवस एकत्र कालवलेली पिशवी, एक स्टॉपवॉच आणि एक पुस्तिका. मुलासमोर परात ठेवायची आणि सांगायचं, 'मूग वेगळे कर, जवस वेगळं कर. कंटाळा आला की ऊठ.' परीक्षकानं पाठ फिरवून बसायचं, म्हणजे मूल बुजत नाही. मूल जितकी मिनिटं बसलं तितका त्याचा धीरांक. साठ मिनिटं बसला तर साठ. दहाच्या आत उठला तर अति अधीर. कागदावर इतकं सोपं आणि इतकं सुंदर काम क्वचितच पाहायला मिळतं. शाळा, वसतिगृहं, शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्था, सगळ्यांनी ही पेटी डोक्यावर घेतली होती.

आणि ही कसोटी साधनाची होती. मूग तिचे, जवस तिचं, परात तिची. पाठ फिरवून बसायचा नियमसुद्धा तिचाच.

रिद्धपूरजवळच्या नत्थुजी काळमेघांची ही मुलगी दोन हजार नऊ साली वैद्य सरांकडे पीएच.डी.साठी नाव नोंदवून आली होती. खेड्यातल्या पोरांची बुद्धी शहरी प्रश्नांनी मोजतात, म्हणून ती कमी दिसते, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिला असं काही मोजायचं होतं जे पोरांच्या घरातल्या वस्तूंनी मोजता येईल. दोन वर्षं ती एसटीनं शाळा-शाळा हिंडली. मांडीवर परात, पायाशी मुगाची पिशवी. कंडक्टर तिला 'कोनाचं लगन हाय मॅडम' म्हणून चिडवायचे.

दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत एका जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीतल्या एका पोरीनं तिला पाठीमागून हाक मारली. "झालं मॅडम." साधनानं घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं. ती वळली तर परातीच्या एका अंगाला मुगाचा ढीग आणि दुसऱ्या अंगाला जवस. साधनाला वाटलं पोरीनं काही लबाडी केली. तिनं पुन्हा कालवलं आणि या खेपेला पाठ फिरवली नाही. पोरीनं परात मांडीवर घेतली, जराशी तिरपी केली आणि कडेला बोटांनी ठोकायला लागली. गोल मूग घरंगळत खाली आले, चपटं जवस जागच्या जागी बसून राहिलं. बोटांत एकही दाणा न धरता तिनं दोन किलो माल निवडून टाकला.

"हे कुठं शिकलीस?" साधनानं विचारलं.

"शिकाले काय लागते याच्यात? घोळलं का होते," पोरगी म्हणाली आणि पळाली.

शेतकऱ्याच्या पोरीला घोळणं माहीत नसावं, याची साधनाला फार लाज वाटली. पण तिची आई सुभद्रा तिला परातीला आणि सुपाला हातच लावू देत नसे. "तू पुस्तक पाहाय, सूप मी पाहतो," एवढंच म्हणे. आईनं जे कष्ट वाचवले त्यातूनच ही चूक निपजली होती. पुढच्या चार दिवसांत साधनानं एकतीस पोरी तपासल्या. त्यातल्या एकोणीस पोरी घोळून मोकळ्या झाल्या आणि सगळ्यांचे आकडे दहाच्या आत. रोज घरचं धान्य निवडणारी पोरगी पाच मिनिटांत उठे, आणि ज्याला काही येत नाही असा मुलगा एकेक दाणा टिपत तासभर बसे. जिचा हात तयार ती अधीर ठरत होती, आणि ज्याला येत नाही तो धीराचा. बरं, नोंदपत्रात 'काम पूर्ण झालं का' असा रकानाच साधनानं ठेवला नव्हता, कारण दोन किलो कोणी पूर्ण करील हे तिच्या मनातच आलं नव्हतं. त्या रात्री तिनं वहीत तारीख घालून लिहिलं : 'ही कसोटी धीर मोजत नाही. घोळता न येणं मोजते. वापरू नये.'

वही घेऊन ती अमरावतीला गेली. सरांच्या टेबलावर तिच्या प्रबंधाचा कच्चा मसुदा होता, सगळी कोष्टकं होती. ती तोंड उघडणार तोच सर म्हणाले, "साधना, तुझं काम कच्चं आहे. तुझी मुदत मी वाढवून देणार नाही. हे संशोधन म्हणजे काही गहू निवडणं नव्हे." मसुदा त्यांनी खणात टाकला आणि खण लावून घेतला. तिनं पिशवीतली वही बाहेर काढलीच नाही. आठ महिन्यांनी बाजारात पेटी आली. पेटीवर सरांचं नाव होतं.

त्या दिवशी ती रडली, ते एकदाच. मग तिच्या लक्षात आलं की चोरानं दागिना नेला होता, पण त्यातली खोट वहीत राहिली होती. सरांना घोळणं माहीत असणं शक्यच नव्हतं. त्यांच्या घरात सात पिढ्यांत कोणा पुरुषानं परात धरली नसेल. त्यांनी कसोटी पक्की केली ती शहरातल्या इंग्रजी शाळांमधून, जिथली पोरं मुगाला 'ग्रीन बॉल' म्हणत. आणि नंतर खेड्यातल्या पोरींचे आकडे पाच-सात येऊ लागले तेव्हा कोणाची भुवई वर गेली नाही. खेड्यातल्या पोरींना धीर नसतो, त्या शाळा अर्ध्यात सोडतात, हे तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. आकडा आपल्या समजुतीला दुजोरा देतो तेव्हा त्याची उलटतपासणी कोणी करत नाही. काही परीक्षकांना निवडून ठेवलेले दोन ढीग दिसलेही असतील. पण नोंदपत्रात रकाना नव्हता, मग लिहिणार कुठे?

साधनानं ठरवलं, आत्ता नाही. आत्ता बोललं तर सर एक पेटी मागे घेतील, हसतील आणि विसरतील. त्यांना चढू द्यायचं, जितकं उंच चढता येईल तितकं, आणि मग खालची शिडी काढायची. तिनं दुसऱ्या विद्यापीठातून दुसऱ्याच विषयावर पीएच.डी. केली, अकोल्यात नोकरी धरली आणि वाट पाहिली. वाट पाहण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

दोन हजार एकोणीसच्या जूनमध्ये कॉलेजातल्या पार्बताबाई चहाचा ट्रे ठेवून तिच्या टेबलापाशी घुटमळल्या. पार्बताबाई म्हणजे कॉलेजच्या जुन्या सेविका. नवरा नाही, एकच मुलगी. त्यांनी पदरातून एक पत्र काढलं.

"मॅडम, अति अधीर म्हंजे काय होते जी?"

पत्र पिंकीचं होतं. पिंकीला दहावीत एक्क्याण्णव टक्के पडले होते. अमरावतीत एका संस्थेचं गरीब मुलींसाठी फुकट निवासी विज्ञान केंद्र होतं. दोन वर्षं तिथे राहून शिकायचं आणि मग कृषी विद्यापीठात जायचं, असं पिंकीनं ठरवून टाकलं होतं. पत्रात लिहिलं होतं : धीरांक सहा.

साधनाला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर आनंद. घरच्या ओळखीतलं प्रकरण, एक्क्याण्णव टक्के आणि धीरांक सहा. याच्याइतका चांगला पुरावा अजून हाती आला नव्हता. मग लगेच तिला स्वतःची शरम वाटली, हेही खरं. पण शरम दोन मिनिटं टिकली, आणि तोवर तिनं पत्राची झेरॉक्स काढली होती.

"काही विशेष नाही पार्बताबाई. पुढच्या वर्षी पाहू."

"तुमी कोनाले सांगून पाहा ना जी. तुमाले तं सारे ओळखतात."

"पाहते."

तिनं कोणालाही सांगितलं नाही. तेव्हा सर नुसते विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. शिडी अजून पुरेशी उंच नव्हती. पुढच्या वर्षी सगळं जगच बंद पडलं, त्याच्या पुढच्या वर्षी पिंकी नांदगाव पेठेला एका कपड्याच्या कारखान्यात पॅंटींचे सुटे धागे कापायला लागली. पार्बताबाईंनी पुन्हा विषय काढला नाही.

शिडी उंच झाली ती दोन हजार पंचवीसच्या आरंभी. वैद्य सरांना पंचाहत्तरावं लागलं. अमरावतीत त्यांचा अमृतमहोत्सवी सत्कार ठरला, आणि त्याच व्यासपीठावर शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांतल्या सगळ्या शाळांत धीरमापन कसोटी सक्तीची करण्याची घोषणा करणार होते. सत्काराआधी एक चर्चासत्र होतं. 'कसोटीचे उपयोजन' या विषयावर बोलायला सरांच्या जुन्या विद्यार्थिनी डॉ. साधना काळमेघ यांना निमंत्रण होतं. सरांनी फोन स्वतः केला. "तू प्राचार्य होतेयस म्हणे जूनमध्ये. मला अभिमान आहे. शेवटी माझ्या हाताखालून गेलेली मुलगी."

"आपलीच कृपा, सर," साधना म्हणाली, आणि फोन ठेवून पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी ती नांदगाव पेठेला गेली. कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर पिंकी भेटली. एकवीस वर्षांची, बारीक, केसांत धाग्यांचे तुकडे अडकलेले. साधनानं काय करायचं ते समजावून सांगितलं : व्यासपीठावर यायचं, परात घ्यायची, सहा वर्षांपूर्वी केलं होतं तेच करायचं.

पिंकीनं बराच वेळ कप फिरवला. "तवा माह्यं काय चुकलं होतं मॅडम? मी लय इचार केला. मले वाटे, मी उठाले नव्हतं पायजे. बसून राहाले पायजे होतं उगीच."

"तुझं काही चुकलं नव्हतं. कसोटीच चुकीची आहे."

"हे तुमाले कसं कळलं?"

साधनानं चहाचा घोट घेतला. "अभ्यास केला," ती म्हणाली.

"मंग त्याईले साऱ्याईच्या समोर सांगसान तुमी?"

"त्याच्यासाठीच तर बोलावतेय तुला."

"येतो मी," पिंकी म्हणाली. "सुट्टी टाकतो. माह्यी जिंदगी त्या परातीनं खाल्ली, मले बी पाहू द्या तिच्याकडे एकदा."

सत्काराच्या दिवशी सभागृह भरून वाहत होतं. पहिल्या रांगेत अधिकारी, मागे शिक्षक, शिक्षिका, बी.एड.ची पोरं. वैद्य सर नव्या कोसा रेशमाच्या कुर्त्यात, कपाळाला गंध, चेहऱ्यावर समाधान. साधना बोलायला उभी राहिली आणि पहिली पाच मिनिटं तिनं सरांची अशी स्तुती केली की सरांनी दोनदा हात जोडले.

"पण कसोटीबद्दल बोलण्यापेक्षा ती पाहावी," ती पुढे म्हणाली. "माझ्यासोबत एक मुलगी आहे. आणि वेळ सरांनी स्वतः मोजावी, अशी माझी विनंती आहे. जनकांच्या हातून मोजमाप झालं तर आणखी काय हवं?"

टाळ्या पडल्या. सर हसत उठले, पेटीतून स्टॉपवॉच काढलं आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पाठ फिरवून उभे राहिले. पिंकी चटईवर मांडी घालून बसली. तिनं ओढणी कमरेला खोचली, परात मांडीवर ओढली, जराशी तिरपी केली. मग सभागृहात पितळेवर बोटांचा ताल ऐकू येऊ लागला आणि त्यामागून मूग घरंगळल्याचा आवाज. मागच्या रांगांतल्या काही बाया माना उंचावून पाहायला लागल्या. एकीनं शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. आवाज कसला, हे त्या सभागृहात एकट्या सरांनाच कळत नव्हतं.

"झालं," पिंकी म्हणाली.

सर वळले. त्यांनी परातीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"किती झाली, सर?" साधनानं विचारलं.

"तीन मिनिटं... चाळीस सेकंद."

"म्हणजे धीरांक साडेतीन धरू. पुस्तिकेचं पान बावीस वाचते. 'दहापेक्षा कमी धीरांक असणारी मुलं अति अधीर समजावीत. अशा मुलांना चिकाटीची कामं देऊ नयेत.'" तिनं पुस्तिका मिटली. "काम पूर्ण झालं आहे, सर. एक दाणा इकडचा तिकडे नाही. हवं तर तपासा. ही मुलगी अधीर आहे का?"

"हा अपवाद आहे," सर म्हणाले. "हिला शिकवून आणलेलं आहे."

"बरं. या सभागृहात ज्यांना परातीत घोळून निवडता येतं त्यांनी हात वर करावेत."

आधी दोन हात वर गेले, मग दहा, मग मागची बाजू सगळी हातांनीच भरून गेली. एका म्हाताऱ्या शिक्षिकेनं तर दोन्ही हात वर केले. साधना ते हात सावकाश पाहत राहिली. घाई करायचं तिला काही कारण नव्हतं.

"आणि सर, आपल्याला येतं?"

सभागृह हसलं. सरांच्या गळ्याला लाली चढली. साधना निळी फाईल उघडून एकेक आकडा वाचू लागली : सात, पाच, चार, सहा. प्रत्येक आकड्यानंतर मुलीचं गाव. पहिल्या रांगेतले अधिकारी पेनाचं टोपण लावून मागे रेलले, तेव्हा सरांना आपल्या पायाखालचं काय सरकलं ते कळलं. पंचाहत्तर वर्षांच्या माणसानं अशा वेळी गप्प बसावं. पण आयुष्यात स्वतःची चूक कधीही कबूल न केलेल्या माणसाला ती दुसऱ्याच्या अंगावर टाकल्याशिवाय श्वास घेता येत नाही.

"ही खोट माझी नाही," ते माईकवर ओरडले. "हा दोष मूळ आराखड्यातच होता. हिलाच विचारा. मूळ कसोटी हिनं बनवली होती. मुगासकट सगळं हिचं आहे."

चौदा वर्षं साधना ज्या वाक्याची वाट पाहत होती ते हे वाक्य. पेटीवरचं सोनेरी अक्षरांतलं नाव सगळ्यांना दिसत होतं. सर उभे होते, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत होतं.

"धन्यवाद, सर," साधना म्हणाली. "होय, कसोटी माझी आहे. चूकही माझीच होती. फरक एवढाच की मी ती पकडली होती, आणि आपण चोरताना ती पाहिलीच नाही." तिनं खूण केली. मागच्या पडद्यावर वहीचं पान उमटलं, दहा फूट रुंद. तिचं तेव्हाचं अक्षर, खाली तिची सही, आणि वर तारीख : ११ फेब्रुवारी २०११. 'ही कसोटी धीर मोजत नाही. घोळता न येणं मोजते. वापरू नये.'

अधिकारी उठले आणि बाहेर पडले. घोषणा झाली नाही. सत्काराचा हार ताटातच राहिला. सर खुर्चीत बसले, आणि त्यांच्याजवळ जायला कोणी तयार नव्हतं. साधनानं त्यांच्याकडे मन भरून पाहिलं. तिला दया आली नाही. आपल्याला दया येत नाही हे पाहून तिला बरंही वाटलं.

बाहेर कडुनिंबाखाली बायांनी तिला घेरलं. कोणी हात धरत होतं, कोणी सेल्फी काढत होतं. गर्दी ओसरल्यावर तिला पिंकी दिसली. ती पायरीवर एकटी बसली होती, मोबाइलमध्ये पाहत.

"पिंकी, काय केलंस तू आज! चल, जेवायला जाऊ."

पिंकीनं मोबाइल वळवून दाखवला. पडद्यावरच्या पानाचा तिनं फोटो काढला होता.

"दोन हजार अकरा," ती म्हणाली. "मी तवा दुसरीत होती मॅडम."

साधनानं पानावरची तारीख पुन्हा वाचली.

"माह्यी परीक्षा झाली एकोनीसले. मायनं तुमच्या टेबलावर कागद ठेवला. तुमी म्हनलं, पुढच्या वर्षी पाहू. तवा हे पान तुमच्याकडे होतं का नव्हतं?"

"होतं," साधना म्हणाली. "पण तेव्हा बोलून काही झालं नसतं, पिंकी. माझं कोणी ऐकलं नसतं."

"नसतं ऐकलं त्याईनं. मायनं ऐकलं असतं. मी ऐकलं असतं. मले सहा वर्षं वाटून राहिलं का माह्यातच काई खोट हाय. धागे कापता कापता मी मोजत जाओ, किती येळ बसली म्हनून. तुमच्या एका शब्दाचं काम होतं मॅडम."

साधनानं खांद्यावर हात ठेवायला पाहिलं, पण पिंकी उठून उभी राहिली होती.

"त्या फाईलमंधी कितीक हायेत आमी?"

"सत्तेचाळीस."

"साऱ्याईचे गावं आज तुमी वाचून दाखवले. म्हंजे पत्ते हायेत." पिंकीनं ओठांतल्या ओठांत तो आकडा पाठ केला. "तुमी जूनमंधी प्राचार्य होनार ना?"

"पिंकी, तुला काय हवं ते सांग. तुझ्या शिक्षणाचं मी बघते. आजच बघते."

"नको." तिनं ओढणीवर चिकटलेलं जवस झटकलं. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच साधनाला भीती वाटली. "मी आज कोनाले काई सांगत नाई. मायले बी नाई. व्हा तुमी प्राचार्य. मंग अजून मोठ्या व्हा. तुमचा बी सत्कार होईन एखाद दिवशी, असाच हार-गिर घेऊन. मी येईन."

"पिंकी..."

"तुमीच तं आज साबित केलं मॅडम, सहाचा आकडा खोटा हाय म्हनून."

ती नांदगाव पेठेच्या ऑटोत बसून गेली. साधना निळी फाईल छातीशी धरून पायरीवर उभी राहिली. आत सभागृहात कोणीतरी पितळी परात उचलली असावी. मूग आणि जवस पुन्हा एकत्र ओतल्याचा आवाज आला.

जूनमध्ये साधना प्राचार्य झाली. नव्या केबिनमध्ये पार्बताबाईंनी पहिला चहा आणला आणि हसून म्हणाल्या, "पिंकी रोज फोनवर इचारते जी तुमच्याबद्दल. मॅडम खूश हायेत ना म्हने. म्या म्हनलं, लय खूश हायेत." त्यांनी कप पुढे सरकवला. "तं म्हने, राहू दे. मले काई घाई नाई."